ट्रेनिंग देऊन नेता घडतो का?

मागच्या महिन्यात ऑफिसात दोन दिवसांचं 'लीडरशिप ट्रेनिंग' झालं. तुम्हालाही अनुभव असेलच. शहराबाहेरचं रिसॉर्ट, फ्लिपचार्ट, रंगीत स्टिकी नोट्स, डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांना हात धरून चालवायचं, मग 'यातून आपण काय शिकलो' यावर वीस मिनिटं. शेवटी फीडबॅक फॉर्म आणि ग्रुप फोटो. ज्या दोन टीम्स रिसॉर्टवर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फोटो काढत होत्या, त्याच टीम्स सोमवारी सकाळी साडेदहाला एकमेकांवर बग ढकलत होत्या. थोडक्यात, या प्रकारावर माझी श्रद्धा फारशी नाही.

त्यामुळे जेव्हा पहिल्यांदा वाचलं, की आफ्रिकेतल्या एका देशात यादवी युद्ध थांबवायला अगदी याच पद्धतीचं ट्रेनिंग वापरलं होतं, तेव्हा हसू आलं. म्हटलं, ज्यांनी एकमेकांची माणसं मारली त्यांना काय आता स्टिकी नोट्स देणार? पण नंतर जसजसं वाचत गेलो तसतसं हसू गेलं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. देश आहे बुरुंडी.

बुरुंडी म्हणजे मध्य आफ्रिकेतला, रवांडाच्या खाली चिकटलेला एक छोटासा डोंगराळ देश. क्षेत्रफळ जेमतेम २८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात असे अकरा बुरुंडी बसतील. १९६२ साली बेल्जियमकडून स्वतंत्र झाला. लोकसंख्येत साधारण ८५ टक्के हुतू, १४ टक्के तुत्सी आणि १ टक्का त्वा, असं सांगायची पद्धत आहे. पण गंमत (गंमत कसली!) अशी, की हे सगळे एकच भाषा बोलतात, किरुंडी. धर्म बहुतांशी एकच. वेगवेगळ्या प्रांतांत राहतात असंही नाही, एकाच टेकडीवर शेजारी शेजारी घरं. तिथे गाव असं नसतंच, 'टेकडी' हेच प्रशासनाचं सगळ्यात छोटं एकक.

तरीही काय झालं बघा. १९६१ साली स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारा राजपुत्र लुई रवागासोरे निवडणूक जिंकला आणि महिन्याभरात त्याची हत्या झाली. पुढे सैन्याच्या आणि सत्तेच्या नाड्या मूठभर तुत्सी अधिकाऱ्यांकडे गेल्या. १९७२ साली हुतूंचा एक उठाव झाला, आणि तो मोडण्याच्या नावाखाली सरकारने शिकलेले हुतू वेचून मारले. शिक्षक, सरकारी नोकर, विद्यापीठातली मुलं, अगदी शाळेतली मोठी पोरंसुद्धा. एक लाखापासून दोन-तीन लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात.

इथे जरा थांबू या, कारण 'उदयोन्मुख नेते' हा शब्द वाचताना मला १९७२ आठवतं. एखाद्या समाजातली दहावीच्या पुढे शिकलेली माणसंच संपवली, तर पुढच्या वीस वर्षांनी त्या समाजाला नेते आणायचे कुठून? जे उरतात ते बदल्याची भाषा शिकत मोठे होतात. प्येर न्कुरुन्झिझा हे नाव पुढे बऱ्याचदा येणार आहे. त्याचे वडील राजकारणात होते, १९७२ मध्ये मारले गेले. मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता.

१९९३ मध्ये एकदाची लोकशाही आली. जूनमध्ये निवडणूक झाली आणि मेल्शियोर न्दादाये हा पहिला हुतू राष्ट्राध्यक्ष सुमारे ६५ टक्के मतं घेऊन निवडून आला. हरलेला लष्करशहा प्येर बुयोया शांतपणे बाजूला झाला. जगाने टाळ्या वाजवल्या. १० जुलैला न्दादायेचा शपथविधी झाला आणि २१ ऑक्टोबरला सैन्यातल्या लोकांनी त्याला ठार मारलं. संसदेचा सभापती आणि उपसभापतीही त्याच दिवशी मारले गेले. लोकशाहीचं वय साडेतीन महिने. त्यानंतर हुतूंनी तुत्सी शेजाऱ्यांना मारलं, सैन्याने हुतूंना मारलं, आणि बारा वर्षं चाललेल्या युद्धात सुमारे तीन लाख माणसं गेली.

शांततेची बोलणी टांझानियातल्या अरुशा शहरात सुरू झाली, आधी ज्युलियस न्येरेरे आणि ते गेल्यावर नेल्सन मंडेला मध्यस्थ. ऑगस्ट २००० मध्ये करार झाला. पण सह्या करणारे बरेचसे बाहेरच्या दबावाने सह्या करत होते, आणि दोन मोठ्या बंडखोर संघटना तर सहीला आल्याच नव्हत्या. कागद झाला, माणसं मात्र होती तिथेच.

आता येतं ते ट्रेनिंग.

हॉवर्ड वोल्पी हा अमेरिकेचा माजी खासदार. क्लिंटनच्या काळात त्या भागाचा विशेष दूत होता, अरुशाच्या बोलण्यांमध्ये तासन्‌तास बसलेला. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. करार पक्षांमध्ये होतो, देश मात्र माणसांना चालवायचा असतो, आणि ही माणसं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. मग त्याने वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमधून, जागतिक बँकेच्या पैशावर, बुरुंडी लीडरशिप ट्रेनिंग प्रोग्राम उभा केला. साधारण ९५ माणसं निवडली. निवडताना बुरुंडीतल्याच लोकांना विचारलं, की तुमच्या मते ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसं कोण? सैन्यातले, बंडखोरांमधले, राजकीय पक्षांमधले, चर्चमधले, महिला संघटनांमधले. पहिलं वर्कशॉप मार्च २००३ मध्ये न्गोझी या उत्तरेकडच्या गावात झालं. युद्ध चालू असताना, हे लक्षात घ्या.

तिथे काय केलं? भाषणं नाहीत. 'लोकशाहीचे फायदे' यावर स्लाईड्स नाहीत. त्यांना एक खेळ खेळायला लावला. विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कॉलेजच्या पोरांसाठी बनवलेला 'सिमसॉक', म्हणजे खोटा-खोटा समाज. चार विभाग. एका विभागाकडे नोकऱ्या, पैसे, प्रवासाची तिकिटं सगळं. एका विभागाकडे जवळजवळ काहीच नाही. पोटापाण्याचं कूपन मिळालं नाही तर तुम्ही खेळात 'मरता'. एका विभागातून दुसऱ्यात जायला तिकीट लागतं, म्हणजे ज्यांच्याकडे काही नाही ते दाद मागायलाही जाऊ शकत नाहीत. आणि हवं तर कुणीही पोलीसदल उभं करू शकतं, जे इतरांना अटक करेल.

खेळ असा रचलाय, की श्रीमंत विभागातली सज्जन माणसंही काही तासांत स्वतःच्याच नादात देशाचे प्लॅन आखू लागतात, आणि गरीब विभागातली तितकीच सज्जन माणसं कट करू लागतात. कुणी मुद्दाम वाईट वागत नाही. आता कल्पना करा, खऱ्या आयुष्यातला सैन्याचा कर्नल खेळात उपाशी विभागात पडलाय आणि खरा बंडखोर श्रीमंत विभागात! कर्नलला हुतूंच्या दुःखावर व्याख्यान दिलं असतं तर तो उठून गेला असता. खेळात मात्र तो दुपारपर्यंत स्वतःच बंड करायच्या बेतात येतो. पुढचं शिकवायची गरजच उरत नाही.

मग वाटाघाटी. 'मला काय हवं' आणि 'मला ते का हवं' यातला फरक. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी आपण सांगायचं आणि मगच उत्तर द्यायचं. आपल्या ट्रेनरने हेच सांगितलं तेव्हा मी मोबाईल बघत होतो. पण समोर बसलेल्याने तुमच्या भावाला मारलं असण्याची शक्यता असेल तेव्हा याच व्यायामाचा अर्थ बदलतो.

याचा उपयोग झाला का? माझं उत्तर : हो, आणि दिसेल इतका झाला. सैन्य आणि बंडखोर यांचे कमांडर युद्धबंदीची देखरेख करायला एकत्र येणार होते, त्यांच्यासाठी २००३ च्या अखेरीस नैरोबीत असंच वर्कशॉप घेतलं गेलं. पुढे जुनं सैन्य आणि बंडखोर यांचं मिळून एकच सैन्य झालं, त्यात कुठल्याही एका गटाचे लोक निम्म्यापेक्षा जास्त नसावेत असा नियम. २००५ च्या राज्यघटनेने प्रतिनिधीगृहात ६०-४० आणि सिनेटमध्ये ५०-५० अशी वाटणी ठरवली, ३० टक्के जागा महिलांना. ऑगस्ट २००५ मध्ये न्कुरुन्झिझा, तोच, आता एका बंडखोर संघटनेचा नेता, राष्ट्राध्यक्ष झाला. आणि यावेळी सैन्याने त्याला मारलं नाही. १९९३ शी तुलना केली तर ही लहान गोष्ट नाही.

अर्थात, सगळं श्रेय वर्कशॉपला देणं म्हणजे प्रोजेक्ट यशस्वी झाल्यावर सगळं श्रेय मॅनेजरच्या पॉवरपॉइंटला देण्यासारखं होईल :) अरुशाचा करार, दक्षिण आफ्रिकेचा दबाव, आफ्रिकन युनियनचं आणि नंतर युनोचं शांतिसैन्य, आणि लोकांना आलेला युद्धाचा कंटाळा, हे सगळं त्यात होतं. पण कागदावरचा ५०-५० चा नियम बराकीत चालवायला एकमेकांशी बोलू शकणारे अधिकारी लागतात. ते या खोल्यांमधून निघाले.

इथेच गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. कुणीतरी एनजीओच्या वार्षिक अहवालात लिहिला असता.

राज्यघटना म्हणते राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती. २०१५ मध्ये न्कुरुन्झिझाच्या दोन्ही संपत होत्या. त्याने आधी घटनाच बदलायचा प्रयत्न केला. मार्च २०१४, प्रतिनिधीगृहात १०६ सदस्य, पाचपैकी चार भाग बहुमत हवं, म्हणजे ८५. मतं पडली ८४. एका मताने पडलं! वाटणीचा नियम अगदी ज्या कामासाठी होता तेच काम करून गेला.

मग एप्रिल २०१५ मध्ये पक्षाने त्यालाच उमेदवार केलं. युक्तिवाद असा, की २००५ मध्ये मला संसदेने निवडलं होतं, जनतेने थेट नाही, म्हणून ती मुदत मोजायचीच नाही. बुजुम्बुरात लोक रस्त्यावर आले, हुतू आणि तुत्सी दोघेही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आणि सुरुवातीचे काही दिवस सैन्य, तेच अर्धं-अर्धं सैन्य, पोलीस आणि निदर्शकांच्या मधे उभं राहिलं. तीस वर्षं ज्या सैन्याला बघून हुतू माणूस पळायचा, त्याच्या आड लोक आश्रयाला जात होते. मला विचाराल तर त्या सगळ्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट म्हणजे तो आठवडा.

पण ५ मे ला घटना न्यायालयाने न्कुरुन्झिझाच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे उपाध्यक्ष सिल्वेर निंपागारित्से सही न करता देश सोडून गेले आणि न्यायाधीशांना धमकावलं गेल्याचं त्यांनी सांगितलं. १३ मे ला एका जनरलने उठाव केला. तोही हुतू, त्याच सत्ताधारी चळवळीतला, माजी लष्करप्रमुख. उठाव दोन दिवसांत फसला. त्या दोन दिवसांत खाजगी रेडिओ स्टेशनं उद्ध्वस्त झाली. जूनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष जेर्वे रुफ्यिकिरी, न्कुरुन्झिझाच्याच पक्षाचे, विरोध करून देशाबाहेर गेले. जुलैमध्ये निवडणूक 'जिंकली' गेली. पुढच्या दोन वर्षांत शेकडो माणसं मारली गेली, चार लाखांहून जास्त लोक शेजारच्या देशांमध्ये पळाले. जुन्या सैन्यातून आलेले तुत्सी अधिकारी एक-एक करून बाजूला केले गेले, काही मारले गेले.

तर मग ट्रेनिंग फुकट गेलं का?

मला वाटतं इथे आपण इंजिनियर लोकांनी जरा विचार करावा. ज्या गोष्टीची टेस्ट घेतली होती ती गोष्ट पास झाली. हुतू विरुद्ध तुत्सी असं युद्ध २०१५ मध्ये पेटलं नाही, पेटवायचा प्रयत्न होऊनही. फेल झाली ती वेगळीच गोष्ट, जिच्यासाठी टेस्ट केसच लिहिली नव्हती. गृहीत असं होतं, की नेते एकमेकांशी बोलायला लागले की लोकशाही चालेल. पण दोन शत्रूंना एकत्र बसवणं हा एक प्रश्न, आणि सत्तेवर बसलेल्याला 'आता उठा' म्हणणं हा दुसरा. पहिल्यात विश्वास लागतो. दुसऱ्यात थोडा अविश्वासच लागतो, तोही नियमात बांधलेला.

म्हणून माझा पहिला मुद्दा. अशा देशात ट्रेनिंग द्यायचं तर फक्त 'सहकार्य' शिकवू नका. नेत्यांना एकत्र आणलं की ते एकत्र येऊन सत्ता वाटूनही खाऊ शकतात, त्यालाही सहकार्यच म्हणतात! विरोधी पक्षात बसून काम कसं करायचं, हरल्यावर घरी कसं जायचं, अंदाजपत्रक वाचून प्रश्न कसे विचारायचे, हेही शिकवायला हवं.

दुसरा मुद्दा, कुणाला शिकवायचं. सगळा भर वरच्या नेत्यांवर होता, आणि युद्ध थांबवण्यासाठी तो बरोबरच होता. पण २०१५ मध्ये सगळं अडलं ते मूठभर न्यायाधीशांपाशी, काही पत्रकारांपाशी, पोलिसांच्या मधल्या अधिकाऱ्यांपाशी. एकटा निंपागारित्से पळून गेला, हे त्याचं धाडस झालं. पण सातही न्यायाधीशांनी एकत्र 'नाही' म्हटलं असतं आणि त्यांच्या मागे उभी राहणारी बार कौन्सिल, रेडिओ, चर्च असती, तर? एक माणूस नाही म्हणतो तेव्हा तो निर्वासित होतो. नाही म्हणणारे पुरेसे असले की त्याला संस्था म्हणतात.

तिसरा मुद्दा, हे बाहेरच्यांनी करायचं का? 'अमेरिकेच्या माजी खासदाराने येऊन आफ्रिकेला लोकशाही शिकवायची म्हणजे काय?' हा राग मला समजतो. पण खरं सांगायचं तर २००३ मध्ये त्या खोलीत एखाद्या हुतू किंवा तुत्सी माणसाने बोलावलं असतं तर निम्मे आले नसते. परक्याचा एवढा एकच फायदा असतो, की तो दोघांनाही सारखाच परका असतो. हा फायदा सुरुवातीला वापरावा आणि मग बाजूला व्हावं. पुढे हा उपक्रम बुरुंडीतल्याच लोकांच्या संस्थेकडे गेला, हे बरोबर झालं. शिवाय त्यांच्याकडे स्वतःची परंपरा होतीच. टेकडीवरच्या भांडणांचा निवाडा करणारे 'बाशिंगांताहे', म्हणजे ज्यांचा सचोटीचा लौकिक आहे अशी वडीलधारी माणसं. राजापुढेही बोलायचा त्यांचा हक्क मानला जायचा. नंतरच्या सरकारांनी त्यात आपापली माणसं घुसवून ती परंपरा पोखरली. म्हणजे सत्तेला थांबवणं ही काही पाश्चात्त्यांची आयात कल्पना नाही, ती तिथल्याच मातीतली आहे.

आणि चौथं, वेळ. देणगीदारांना निवडणूक म्हणजे गो-लाइव्ह वाटतं. निवडणूक झाली, फोटो निघाला, प्रोजेक्ट क्लोज, टीम पुढच्या देशात. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, खरे बग गो-लाइव्हनंतर येतात. बुरुंडीत ते दहा वर्षांनी आले.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०१८ च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांची झाली. २०२० मध्ये न्कुरुन्झिझा पुन्हा उभा राहिला नाही, त्याच पक्षाचे एव्हारिस्ट न्दायिशिमिये निवडून आले, आणि सत्तांतराआधीच, ८ जून २०२० ला, न्कुरुन्झिझाचा मृत्यू झाला. जून २०२५ च्या निवडणुकीत थेट निवडून द्यायच्या १०० पैकी १०० जागा सत्ताधारी पक्षाला मिळाल्या. ६०-४० चा नियम तेव्हाही पाळला गेला. संसदेत हुतू होते, तुत्सी होते, महिला होत्या, फक्त विरोधी पक्ष नव्हता.

हे वाचून मला त्या न्गोझीच्या खोलीतला खेळ आठवतो. त्यात पोलीसदल कुणीही उभं करू शकतं आणि ते एकदा उभं राहिलं की त्याला आवरणं इतरांना फार जड जातं. खेळाचा हा भाग संपल्यावर चर्चेत किती वेळ घेतला असेल, कुणास ठाऊक.

तरीही मी त्या ९५ माणसांच्या ट्रेनिंगच्या बाजूने आहे. त्यावर झालेला खर्च युद्धाच्या एका आठवड्याच्या खर्चापुढे चिल्लर असेल, आणि २०१५ मध्ये सैन्य आणि लोक यांच्यात जे दिसलं ते १९९३ मध्ये कुणी स्वप्नातही बघितलं नसतं. माणसं बदलू शकतात, हे त्यातून सिद्ध झालं. फक्त बदललेल्या माणसाच्या हाती मोकळी सत्ता दिली की तो पुन्हा बदलू शकतो, हेही झालं.

बाकी, पुढच्या ट्रेनिंगला मी मोबाईल खिशात ठेवणार आहे. बघू किती वेळ जमतं ते.